आमच्या मांडाला बटण नाही

बाराव्याचं जेवण आटोपून माणसं मागल्या दारी हात धुवत होती, तेव्हाच पहिली सूचना आली.

सूचना करणारा माझा पुतण्या. चुलतभावाचा मुलगा, मुंबईत अ‍ॅप बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला आहे. माझी बायको गेल्याचं कळताच तो निघून आला, रजा काढून आमच्याकडे राहिला आणि केळीच्या पानांपासून भटजींच्या गाडीपर्यंत सगळं त्यानेच निस्तरलं. त्यामुळे त्याच्यावर रागावण्याची सोय नव्हती. टॉवेलला हात पुसत तो म्हणाला,

"काका, आता मांडाचा काय करूचा?"

"काय करूचा म्हणजे?"

"काकी होती तवसर ठीक होता. आता तेका जरा आजच्या काळातलो करूक होयो."

"काकी गेली," मी म्हटलं. "मांडाक काय झालाहा?"

तो कसंनुसं हसला आणि त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. खांद्यावर थोपटलेलं मला आवडत नाही. त्या बारा दिवसांत फार जणांनी थोपटलं होतं.

मांड म्हणजे खरं तर गावातली ती मोकळी जागा, जिथे शिमग्याला होळी उभी राहते आणि सगळ्या वाड्यांची माणसं जमतात. आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या कडेला असलेल्या आमच्या गावातही असा मांड आहे. हिने तेच नाव इंटरनेटवरच्या एका जागेला दिलं. ही हायस्कुलात संगणक शिकवायची आणि मी त्याच शाळेत ग्रंथपाल होतो. गावची अर्धी माणसं मुंबईत, काही जहाजांवर, काही आखातात. त्यांना आणि गावात उरलेल्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून तिने एका मे महिन्याच्या सुट्टीत ही जागा स्वतः बनवली. आंबे पिकत घातलेल्या खोलीत संगणक होता, आणि त्या सुट्टीत ती बाहेर आली की तिच्या अंगाला पेंढ्याचा आणि हापूसचा वास यायचा.

पांढरं पान, काळी अक्षरं. वर विषय, खाली उत्तरं, ज्या क्रमाने आली त्या क्रमाने. लिहिणाऱ्याचं खरं नाव आणि वाडी. एवढंच. फोटो चढवता येत नाही. अंगठा, बदाम, हसरा चेहरा यातलं काही नाही. आपलं लिहिणं किती जणांनी वाचलं ते कळत नाही, आत्ता कोण येऊन बसलं आहे तेही कळत नाही. फोन वाजवून मांड कुणाला हाका मारत नाही. आठवण झाली तर आपण जायचं, बघायचं, लिहावंसं वाटलं तर लिहायचं.

आणि माणसं लिहायची. ओरोसला जाणारी सकाळची एसटी आज सुटली नाही. आमच्या बंद घराच्या कौलांवर माकडं नाचतात असं ऐकलं, कुणी बघून येईल काय. वडील गेल्यावर घर नावावर करायला ओरोसच्या कचेरीत आधी कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, हे एकाने फार वर्षांपूर्वी सविस्तर लिहिलं होतं. ते अजून तिथेच, त्याच जागी आहे आणि अजून कुणाकुणाला उपयोगी पडतं. जहाजावरच्या मुलांना इंटरनेट तुटपुंजं मिळतं, तेही सगळ्यांत वाटून. "माझ्या झिलाक बोटीर दुसरा कायच उघडणा नाय, फक्त मांड उघडता," असं आमच्या शेजारची एक आई मुलाच्या पगाराबद्दल सांगावं तशा तोऱ्यात सांगायची.

इतक्या वर्षांत हिने एकच सोय वाढवली. अक्षर मोठं करण्याची, माझ्या आईसाठी. बाकी मागण्या येत राहिल्या आणि ही त्यांना वाटेला लावत राहिली. बंदरावरच्या एका मुलाने पर्यटकांसाठी घरात दोन खोल्या काढल्या होत्या. तो दारात येऊन उभा राहिला.

"बाई, एक फोटो टाकूक दिलास तर काय बिघडतला?"

"तुझ्या खोलीत काय काय आसा?" हिने विचारलं.

"दोन खाटी, पंखो. खिडकेतसून समुद्र दिसता."

"मगे ह्यांच लिव. फोटोत पंखो फिरता काय नाय ता कोणाक कळतला?"

"पंखो फिरता बाई."

"ताय लिव."

त्याने लिहिलं. पंखा फिरतो, पण जरा आवाज करतो, हेही लिहिलं. मला तेव्हा ती थोडी हट्टी वाटायची. घरी मी तिला म्हणालोही, की एक अंगठा ठेवलास तर काय होईल, माणसांना बरं वाटेल. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मुलांना 'रिकाम्या जागा भरा' दिलं की निबंध कुणी लिहीत नाही. मी रोज बघते."

एकदा तर तिने गावाशीच वाकडं घेतलं. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकार, म्हणजे गावचा मानकरी, उभा राहून देवाला एकेक मागणं सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला एका आवाजात "होय म्हाराजा" म्हणतात. ती सवय मांडावर आली. कुणी काही लिहिलं की खाली नुसतं 'होय म्हाराजा', 'होय म्हाराजा', अशी रांग. हिने सूचना लावली: गाऱ्हाणं देवळात होतं, इथे होय म्हणणाऱ्याने पुढे निदान एक ओळ लिहावी, नाहीतर उत्तर काढलं जाईल. आणि खरंच काढू लागली. गावकाराचंही काढलं. तो बरेच दिवस आमच्या दारावरून जाताना मान वळवून जायचा. मग एक दिवस त्याने होय म्हाराजा लिहून पुढे शेतात शिरणाऱ्या खाडीच्या पाण्याबद्दल अर्धं पान लिहिलं, आणि बोलायला लागला.

ती गेली तेव्हा मांडावर मीच लिहिलं. तीन ओळी. ताप आला, चार दिवस होता, आज पहाटे गेली. त्याच्या खाली माणसं लिहीत गेली. मी ते एकदम वाचू शकलो नाही. रोज थोडं वाचायचो, जसं आजारी माणूस खातो. मासे विकणाऱ्या एका बाईने लिहिलं होतं, "बायेन माका पासवर्ड म्हणजे काय ता शिकवल्यान. माझो पासवर्ड तिकाच म्हायत होतो. आता मी काय करू?" ते वाचून मी त्या दिवसांत पहिल्यांदा हसलो. जहाजावरच्या तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं उत्तर उशिरा आलं. "काय लिवचा ता सुचणा नाय, म्हणान चार दिवस लागले," असं सुरू करून त्याने एक संपूर्ण दुपार लिहिली होती. संगणकाच्या तासाला वीज गेली आणि बाईंनी मुलांना बाहेर काजूच्या झाडाखाली नेऊन, कागदाच्या चिठ्ठ्या एकमेकांना पोचवायला लावून इंटरनेट कसं चालतं ते शिकवलं, ती दुपार. माझ्या बायकोच्या आयुष्यातली ही दुपार मला माहीत नव्हती. अंगठा असता तर त्या मुलाने पहिल्याच दिवशी तो दाबला असता आणि मोकळा झाला असता.

पुतण्या महिन्याभराने पुन्हा आला. आल्या आल्या फोन माझ्या हातात दिला.

"काका, बघा तर खरे. मांडाचो पासवर्ड तुमच्याकडेच आसा, मी कशाक हात लावलंय नाय. वेगळो नमुनो केलंय. जुना लिवलेला सगळा तसाच आणलंय, वर नवीन सोयी."

दिसायला छान होतं, यात शंका नाही. निळा समुद्र, वर माडाचं चित्र. प्रत्येक मजकुराखाली अंगठा, बदाम, रडका चेहरा. गावच्या मुंबईतल्या मंडळातल्या त्याच्या मित्रांनी ते दाबून बघितले होते. आणि सगळ्यांत वर एक चौकट, 'सर्वाधिक लोकप्रिय'. त्या चौकटीत पहिला मजकूर माझा होता. ताप आला, चार दिवस होता, आज पहाटे गेली.

मी फोन त्याच्याकडे वळवला. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मुलगा वाईट नाही, हे मी पुन्हा सांगतो.

"काका, ह्या... ह्या आपोआप जाता वर. जेका जास्त प्रतिसाद, ता वर."

"म्हणजे हिचा जाणा लोकप्रिय झाला."

"तसा नाय हो. थांबा, ह्या आपण बदलूया. निधनासाठी वेगळा चिन्ह ठेवूया. जोडलेले हात. आणि तसले मजकूर लोकप्रियमधसून वगळूचे, तेच्यासाठी एक वेगळा बटण."

एका बटणाने केलेलं निस्तरायला त्याला दोन बटणं लागत होती. मी सहसा बोलत नाही. आयुष्य पुस्तकांच्या खोलीत गेलं, तिथे बोलू नये अशी पाटीच होती. पण त्या दिवशी माझं ठरलं. पासवर्ड द्यायचा नाही.

याचं कारण सरळ होतं. पुढे कुणाचं तरी माणूस जाणार. त्याच्या घरच्याने आतल्या खोलीत बसून फोन उघडला, तर त्याला काय दिसावं, एवढाच माझा प्रश्न होता. शिवाय आणखी एक गोष्ट. मांड इतका साधा आहे म्हणून तर तो माझ्यासारख्याला चालवता येतो. हिने मला दोन-तीन कामं शिकवली होती आणि ती पुरतात. एकदा त्यात यंत्रावर यंत्र चढलं, की तो मला चालवता येणार नाही. मग तो चालवणाऱ्याच्या मर्जीवर राहील, आणि चालवणाऱ्याची नोकरी बदलली की बंद पडेल.

जत्रेला मुंबईची माणसं आली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक ठेवली होती. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष, गोदीतून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे गृहस्थ, मधोमध बसले. गावकाराने रीतीप्रमाणे गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटलं आणि विषय निघाले. पाण्याची टाकी, शाळेची भिंत, मग मांड.

पुतण्या उभा राहिला आणि एकदम शुद्ध बोलू लागला. "सन्माननीय ग्रामस्थहो, आज संवादाची साधनं झपाट्याने बदलत आहेत." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तरुण मुलं मांडावर फिरकत नाहीत. जामसंड्याकडच्या एका गावाने अ‍ॅप काढलं आणि त्यांची माणसं तिथे रोज दिसतात. मुंबईहून आलेली एक मुलगी, शाळेत माझ्याकडून पुस्तकं नेलेली, पोराचं बोट धरून म्हणाली, "सर, माझ्या झिलाक मराठी वाचूक येणा नाय. निदान गावचे फोटो तरी बघीत." हेही खरं होतं. आजही आहे.

ऊन वर आलं होतं. माणसं चुळबुळत होती, मागे जेवणाचा वास सुटला होता. पुतण्याने ते ओळखलं. शुद्ध बोलणं टाकून त्याने हात जोडले, मान वर केली आणि हुबेहूब गावकाराच्या सुरात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ही जी काय तुझी लेकरां हय जमली आसत..."

"होय म्हाराजा!"

"तेंचो ह्यो मांड घराघरात, फोनाफोनात पोचांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेका फोटो येवंदेत, अंगठे येवंदेत, अ‍ॅप येवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

गाभाऱ्याच्या दाराशी समया घासत बसलेला गुरव, ज्याच्याकडे फोनही नाही, तोही म्हणाला. पहिल्या वेळी माझ्याही तोंडून गेलं. सभामंडपात हसण्याची लाट उठली आणि अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. "ठराव मंजूर! चला, पानां मांडा."

मी उभा राहिलो.

"थांबा," मी म्हटलं.

"सर उठले रे!" मागून कुणीतरी ओरडलं. "सर बोलतले! खंयतरी लिवन ठेया!"

हसणं थांबेपर्यंत मी थांबलो. खांबाला टेकून आमच्या वाडीतली एक म्हातारी बसली होती. तिला विचारलं, "आये, तू आता होय म्हटलंस?"

"म्हटलंय तर."

"तेना काय मागल्यान ता ऐकलंस?"

"नाय बा. देवाक कायतरी मागल्यान. देवाक मागल्यान काय होय म्हणूचा."

पुन्हा हसले सगळे. म्हातारीही हसली.

"अंगठो म्हणजे ह्यांच," मी म्हटलं. "ऐकूच्या आधी होय. हय देवळात ता शोभता, हय आपण देवाकडे एकत्र मागतंव. पण मांडार आपण एकमेकांकडे बोलतंव. माझी बायल गेली तेवा तुम्ही माका लिवलास. एकाक चार दिवस लागले, तरी लिवल्यान. माका वाक्यां मिळाली. उद्या तुमच्यातल्या कोणाच्या घरात असा झाला, तर तेका अंगठे मिळतले. माका जा मिळाला, ता तेकाय मिळाक होया. म्हणान मी पासवर्ड देवचंय नाय."

एवढं मी एका दमात कधी बोललो नव्हतो. मग अध्यक्षांचा आवाज चढला.

"सर, गावान ठराव केल्यान. आता तुम्ही काय गावाच्या वर?"

"वर नाय," मी म्हटलं. "आडवो."

"ही मस्ती झाली."

"झाली."

मागे दोघंतिघं कुजबुजली. एक वाक्य मला ऐकू यावं इतक्या मोठ्याने आलं. "बायलेचा स्मारक करूचा आसा तेका."

मी वळलो नाही. "स्मारक करूचा आसता तर पयलो तिचो फोटो लागलो आसतो," म्हटलं. "मांडार फोटो लागणा नाय."

जेवायला बसलो तेव्हा माझ्या दोन्ही बाजूची पानं बराच वेळ रिकामी राहिली. शेवटी डावीकडे गावकार येऊन बसला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही, पण वाढप्याला म्हणाला, "सरांका भात वाड."

दुसऱ्या दिवशी पुतण्याला पोचवायला मी तिठ्यावरच्या एसटी थांब्यापर्यंत गेलो. बॅग त्याच्या खांद्यावर, चुलतभावाने दिलेली नारळांची पिशवी माझ्या हातात.

"काका, आम्ही वेगळा काढतलंव."

"काढा."

"रागान नाय."

"म्हायत आसा माका."

"माणसां थय जातली."

"जांवदेत."

एसटी दिसते का ते त्याने बघितलं. मग हळू म्हणाला, "एकटे पडशात काका."

"एकटो आसंयच मी."

हे असं तोंडावर फेकायला नको होतं, असं म्हटल्यावर वाटलं. पण परत घेतलं नाही. एसटी आली. पिशवी मी त्याच्या हाती दिली, त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि तो चढला.

त्यांचं अ‍ॅप निघालं. चांगलं चाललं आहे म्हणतात. जत्रेचे, गणपतीचे फोटो असतात, ती मुलगी आपल्या पोराला दाखवते. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. मांड पूर्वीपेक्षा शांत झाला आहे. आठवड्यात एखादा दिवस असाही जातो की कुणीच काही लिहीत नाही, आणि मी पान उघडून कालचंच पुन्हा वाचतो. लिहिणारे कमी होतील ते होवोत. शेवटचा एक राहिला तरी त्याला लिहायला जागा असेल, आणि ती अशीच पांढरी असेल.

पण हे नंतरचं. त्या दिवशी तिठ्यावरून घरी आलो, चप्पल काढली आणि संगणकाच्या खोलीत जाऊन बसलो. तिच्या खुर्चीत बसायला मला अजून जमत नव्हतं, मी स्टूल ओढलं. मांडावर सूचना लिहिली. "मांडात कोणतीही नवी सोय होणार नाही. हा निर्णय गावाचा नाही, माझा एकट्याचा आहे. राग धरायचा तर माझ्यावर धरावा."

चहा करून आलो तेव्हा पहिलं उत्तर आलं होतं. अध्यक्षांचं. मांडावर त्यांनी आजवर दोन ओळींपलीकडे कधी लिहिलेलं मला आठवत नाही. जयंती-पुण्यतिथीचे निरोप, बैठकीची वेळ, एवढंच. आता त्यांनी पडदाभर लिहिलं होतं. अर्धं मालवणीत, अर्धं सरकारी मराठीत. मी गावाचा अपमान केला. मी पुस्तकी किडा, मला व्यवहार कळत नाही. शाळेत असताना त्यांच्या मुलाला मी पुस्तक फाडल्याबद्दल दोन महिने पुस्तक दिलं नव्हतं, तेव्हापासूनचा माझा हेका त्यांना ठाऊक आहे. बाई गेल्या त्याचं दुःख सगळ्यांना आहे, पण दुःख झालं म्हणून माणसाने गाव वेठीला धरू नये. त्यांचे स्वतःचे वडील गेले तेव्हा ते मुंबईत, गोदीत अडकले होते. त्यांना तर कुणाचं एक अक्षरही आलं नव्हतं, ते काय मेले? असं बरंच. आणि शेवटी, "हा मजकूर काढून टाकण्याची हिंमत करू नये."

काढून टाकणं माझ्या हातात होतं. मी ते दोनदा वाचलं. पुस्तकाचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं, शिक्षा जास्त झाली होती. वेठीला धरण्याचंही काही अंशी बरोबर होतं. वडिलांची गोष्ट मला माहीत नव्हती. त्यांचे वडील आमच्या शाळेच्या गच्चीचं काम करणारे गवंडी, दुपारी वाचनालयाच्या सावलीला बसून जुनी मासिकं मागून घ्यायचे. मला ते चांगले आठवत होते.

चहा निवून गेला होता. तो तसाच प्यालो, चष्मा पुसला आणि त्यांच्या वडिलांपासून उत्तर लिहायला घेतलं.